हिरव्या बनातीची सागवानी पेटी

लिहून ठेवणार : शत्रुघ्न महादेव मेस्त्री, वय छप्पन्न, काम मशिनिस्ट, मूळ राहणार तालुका कणकवली, जिल्हा सिंधुदुर्ग, सध्या मुक्काम फिंतास, कुवेत.

येत्या शनिवारी जाब्रियाच्या इस्पितळात माझी छाती उघडणार आहेत. डॉक्टर म्हणतात भिण्यासारखे काही नाही, पण कागदावर सही मात्र माझीच घेतली. तेव्हा आणखी एका कागदावर सही करून ठेवावी, असे मी ठरवले. माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही, आणि शेजारी बसून कोणी मला मजकूर सांगत नाही. त्याच इस्पितळातल्या सिस्टर नीरजाताई पाटणकर शुद्धलेखन तपासतील. मजकुरात तोंड घालणार नाही असे त्यांनी कबूल केले आहे. त्या नाशिकच्या आहेत, त्यामुळे हे त्यांना कितपत जमेल ते बघू. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझ्यासारख्या माणसाची मिळकत अर्ध्या पानात आटोपते. बाकीचा कागद माझा धाकटा भाऊ शैलेश याच्यासाठी आहे. गेली सहा वर्षे तो एका गोष्टीला भिऊन माझ्या घराची पायरी चढलेला नाही. ती गोष्ट खरी की खोटी हे मला एकट्याला ठाऊक आहे, आणि ते मी बरोबर घेऊन जाऊ इच्छित नाही.

कलम १. घर. वडिलांच्या घराशेजारी जांभ्या चिऱ्याचे घर, पुढचे खळे, म्हणजे अंगण, आणि विहिरीतला माझा अर्धा हिस्सा पत्नी सौ. मालन हिला द्यावा, तिच्यामागे मुलगी विशाखा हिला. घर स्वकष्टार्जित आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. कष्ट मालनचे. मी इथून ड्राफ्ट पाठवले. चिरे मोजून घेणे, गवंड्याशी भांडणे आणि पावसापूर्वी कौले चढवणे तिने केले. सगळ्या सुट्या धरून मी त्या घरात तीन वर्षेही राहिलो नसेन.

कलम २. बँकेत जे असेल ते आणि कंपनीकडून शेवटी जे मिळेल ते मालन आणि विशाखा यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. माझा कुकर, रेडिओ आणि खिडकीजवळची खाट रफीक सोलकर याला द्यावी. रफीक रत्नागिरीचा, क्रेन चालवतो, आणि बारा वर्षे माझ्या खोलीत राहून घोरतो. खिडकीजवळच्या खाटेवर त्याचा पहिल्या दिवसापासून डोळा आहे.

कलम ३. हत्यारे. मायक्रोमीटर दोन, व्हर्निअर एक, कानशी सगळ्या, टॅपचा संच आणि वडिलांचा लहान हातोडा विशाखाला. ती मालवणला पॉलिटेक्निकात मेकॅनिकल शिकते. मुलगी कानस घेऊन काय करणार, असे विचारायला आलेल्यांना तिने दारातच उत्तर दिलेले आहे, म्हणून मी वेगळे देत नाही. एकच अट. खंडेनवमीला मी इथे शुवैखच्या वर्कशॉपमध्ये फळीवर हत्यारे मांडून पूजा करत आलो, झेंडू रफीक बकाल्यातून, म्हणजे इथल्या वाण्याकडून, आणतो. ती पूजा तिने चालू ठेवावी, पण लोखंडावर ओले कुंकू रात्रभर राहू देऊ नये. त्याचे कारण कलम पाचमध्ये येईल.

कलम ४. वडिलांची ठासणीची बंदूक. ही माझी नाही, म्हणून मला देता येत नाही. पण तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

आमचे वडील गावचे लोहार. बागेत रानडुकरे येत, म्हणून त्यांना त्या बंदुकीचा परवाना होता. निवडणूक आली की गावातल्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत, अजूनही लागतात. वडील बंदूक खांद्याला लावून पुढे, मी आणि शैलेश मागे, असे आम्ही ठाण्यापर्यंत चालत जायचो. मतमोजणी झाली की परत आणायला पुन्हा तिघे. येताना वडील बाजारात भजी घेऊन देत आणि बंदूक शैलेशच्या खांद्यावर ठेवून मागून हळूच दस्ता धरत. शैलेशला वाटायचे, आपणच पेलली. मी ते बघत असे आणि सांगत नसे. मला आयुष्यात इतके सुख पुन्हा कधी झाले नाही.

नव्वद साली इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले. मी दोन महिने बेपत्ता होतो. आधी इथे, मग जॉर्डनच्या वाळवंटात तंबूत. त्याच दिवसांत वडील गेले. घरी पोचलो तेव्हा बंदूक शैलेशच्या नावावर झालेली होती आणि अर्जात त्याने स्वतःला ‘एकमेव वारस’ लिहिले होते. मी जिवंत उभा होतो आणि सरकारी कागदावर नव्हतो. मालनने मला तेव्हाच समजावले होते. ठाण्यात त्याच्याकडे माझी सही मागत होते, नाहीतर मी मेल्याचा दाखला. “तुमी मेलास असा लिवक त्येचो हात उठलो नाय,” ती म्हणाली, “म्हणान त्येना तुमचा नावच लिवक नाय.” मी ऐकले, पण माझ्या डोक्यातून तो शब्द गेला नाही. पुढच्या वर्षी कुवेतला परत आलो तो रुसूनच.

कलम ५. पेटी. सागवानी, बारा इंच लांब, आतून हिरव्या बनातीचे लोकरी अस्तर, बनातीत पिस्तुलाच्या आकाराचा खोलगट खण, पितळी कुलूप. गावी घराच्या माळ्यावर आहे. तिच्यात पिस्तूल आहे असे सगळा गाव मानतो.

सत्याण्णव साली रुमैथियाचे कमाल साहेब वर्कशॉपमध्ये आले. वयस्कर, शांत माणूस. त्यांच्या वडिलांचे जुने जर्मन पिस्तूल, रीतसर परवान्याचे, लढाईच्या सात महिन्यांत त्यांनी तांदळाच्या पोत्यात लपवले होते. ते गंजून अडकले होते. गोळ्या घरी ठेवून नुसते पिस्तूल दुरुस्तीला आणले. तळहातात मावेल एवढे, पण वजनदार. हातात घेतले आणि मी आधी काय पाहिले असेल, तर फिटिंग. दोन भाग जिथे जुळतात तिथून नख फिरवले तरी जोड लागत नव्हता. साठ वर्षांपूर्वी कोणीतरी माझ्यासारख्याच माणसाने डोळा बारीक करून कानस मारली होती. मी खोटे सांगत नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आले. कामावर इतका जीव लावलेला मी वडिलांनंतर बघितला नव्हता.

दुरुस्तीला चार दिवस ते माझ्या लॉकरमध्ये राहिले. त्यात खंडेनवमी आली. एवढे सुंदर हत्यार लॉकरमध्ये आणि माझ्या कानशी फळीवर, हे मला बरे दिसेना. मी तेही मांडले, हळद-कुंकू वाहिले, फूल ठेवले, आणि पूजेतल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही म्हणून तसेच ठेवले. सकाळी कुंकवाखाली गंजाचा डाग पडला होता, करंगळीच्या नखाएवढा. घासला, तेल दिले, पण खूण गेली नाही. तीस वर्षे लोखंडात काम करणाऱ्याने ओले कुंकू पोलादावर रात्रभर ठेवले, हे इथे लिहितानाही लाज वाटते.

कमाल साहेबांसमोर मी मान खाली घालून सगळे कबूल केले. त्यांनी डागावर अंगठा फिरवला, पूजेबद्दल दोन वेळा विचारून घेतले आणि म्हणाले, “तुम खरीदो, शत्रू. मेरा बेटा इसको नहीं समझता.” परवाना असेल तर कायमचे परत जाणाऱ्याला एक हत्यार नेता येते, असे तेव्हा आम्ही ऐकून होतो. कुवेतचे कागद ते बघणार होते, गावचा परवाना मी काढायचा.

मी आठ दिवसांची मुदत मागितली. खराब केलेली वस्तू घेणे भाग आहे असे एकदा वाटे. एकदा वाटे, ते फिटिंग रोज बघायला मिळेल. पण खरे वाटत होते ते निराळेच. शैलेशकडे वडिलांची ठासणीची, तर माझ्याकडे जर्मन. मी खिशात घालून खळ्यात उभा राहीन आणि तो बघेल. घ्यायचे नक्की ठरण्याआधीच मी पेटी बनवायला घेतली, यावरून काय ते समजावे.

परवान्याचा अर्ज रफीकने सुट्टीवरून येताना आणला. मी भरत होतो, तो चहा घेत वाचून दाखवत होता. एका रकान्यात विचारले होते, हत्यार कशासाठी हवे आणि धोका कोणापासून. मी पेन उचलून बसलो. आमच्या गावात मला धोका म्हणजे माडावरून पडणाऱ्या नारळाचा. रफीक म्हणाला, “लिही ना. भावाचं नाव लिही. दुसरं कोण आहे तुझ्या मनात?” मी त्याच्यावर ओरडलो. मग अर्ज फाडला आणि दुसऱ्या दिवशी रुमैथियाला जाऊन नाही म्हणून आलो. कमाल साहेब रागावले नाहीत. आता ते हयात नाहीत. पिस्तूल त्यांच्या मुलाकडे असेल, माझ्या डागासकट.

म्हणजे मी पिस्तूल घेतले नाही. ही गोष्ट इथे संपली असती तर मी चांगला माणूस ठरलो असतो.

पण पेटी झाली होती आणि सुबक झाली होती. पुढच्या वर्षी सुट्टीत ती गावी नेली. शेजाऱ्याने उघडी पाहिली, बनातीतला आकार पाहिला, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झाले की शत्रुघ्न कुवेतहून पिस्तूल घेऊन आला. मला विचारले. मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. हसलो आणि कुलूप घातले. शैलेश तेव्हा खळ्यात उभा होता. तो पायरीपर्यंत आला होता, तिथूनच परत गेला. मला बरे वाटले, हे मी लिहून देतो.

पुढच्या निवडणुकीत हवालदार पिस्तूल जमा करा म्हणून मालनकडे आला. घरात विळी आणि कोयता आहे, तेवढे जमा करायचे तर मी भाजी चिरायला ठाण्यात येत जाईन, असे तिने त्याला सांगितले. ठाण्याच्या वहीत माझे नाव नव्हते, तो परत गेला. गावाने मात्र अर्थ काढला की हत्यार चोरटे आहे, आणि दरारा वाढला.

दोन हजार एकमध्ये आई गेली. मी पाचव्या दिवशी पोचलो. तेराव्याला माझ्या ओटीवर पाने मांडली होती आणि शैलेश खळ्यात उन्हात उभा राहिला. आईने शेवटची वर्षे माझ्या घरात काढली, तिचे पान माझ्या घरात वाढले, आणि तिचा मुलगा पायरीखाली. एक वाक्य बोललो असतो तर तो वर आला असता. मी बोललो नाही. मला त्याची माफी मागायची आहे.

कलम ६. सदर पेटी किल्लीसह शैलेश महादेव मेस्त्री याला द्यावी. ती त्याने माझ्या बाराव्या दिवशी माझ्या ओटीवर बसून सर्वांसमक्ष उघडावी.

बुधवार, ता. २० ऑक्टोबर २००४.

कलम ७. पुरवणी, गुरुवार, ता. २१. काल रात्री नीरजाताईंनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून कागद परत दिला आणि दिलेला शब्द मोडला. म्हणाल्या, “मेस्त्री, त्याची माफी मागायची, आणि ती मागायला तुम्ही मरायची वाट बघणार?” आज रफीकने रोजा सोडल्यावर मला न विचारता गावचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

मी शैलेशला सगळे सांगितले. डाग, अर्ज, रिकामी पेटी. तो म्हणाला, “दादा, आवस आसताना घराक रंग काढलो तेव्हा ती पेटी माळ्यार मीच चढवलंय. उचलल्याबरोबर कळला. लोखंडाचा वजन माका कळता.”

म्हणजे मी नसताना तो माझ्या घरात येत होता, माझ्या बायकोला हातभार लावत होता, आणि पेटी रिकामी आहे हे त्याला आई जाण्याच्या आधीपासून ठाऊक होते. मी विचारले, “मगे आवशीच्या तेराव्याक वर कित्याक इलंस नाय?”

तो म्हणाला, “तुका माका घाबरवचा होता. म्हणान मी घाबारलंय.”

त्यानेच विषय बदलला. निवडणूक होऊन गेली तरी बंदूक अजून ठाण्यातच आहे, तो आणायला गेलेला नाही. “तू ये,” म्हणाला, “मगे दोघंय जावया.”

सबब कलम सहा रद्द. पेटी मी स्वतः त्याच्या हातात देईन. शनिवारी मी टेबलावरून उठलो, तर वडिलांची बंदूक ठाण्यातून आणायला कै. महादेव मेस्त्री यांचे दोन्ही वारस चालत जातील. नाही उठलो, तर माझ्या जागी विशाखाने जावे. मात्र तिला बोलवायला शैलेशने खळ्यात उभे राहू नये, पायरी चढून घरात यावे. येताना भजी घ्यावी. बंदूक विशाखाच्या खांद्यावर द्यावी आणि शैलेशने मागून दस्ता धरावा. तिला कळू देऊ नये.

वाचून, समजून, सही केली.

शत्रुघ्न महादेव मेस्त्री

साक्षीदार :
१. रफीक अब्दुल गफूर सोलकर, फिंतास (खाट मिळणार म्हणून साक्ष चालणार नाही असे नीरजाताई म्हणतात, त्याने खाटेसकट तिन्ही वस्तूंवरचा हक्क सोडला आहे, तसे लिहून घेतले)
२. नीरजा मुकुंद पाटणकर, जाब्रिया

स्थळ : फिंतास, कुवेत
दिनांक : २१ ऑक्टोबर २००४