आमच्या गावात संशोधक एकच

चिरंजीव विल्फ्रिदो यास आजीचे पोटभर आशीर्वाद.

आजी म्हणजे तुझ्या आईची आई, लिब्रादा. आरोग्य केंद्राच्या फाटकासमोर बाकड्यावर झाडपाला विकते, डाव्या गालावर तीळ आहे. खूण सांगितलेली बरी, कारण ईस्टर गेला, माझा वाढदिवस गेला, गावची जत्रासुद्धा गेली, आणि तुझा साधा निरोप नाही. आसुन्सिओनच्या पाण्यात विसराळूपणा असेल तर कळव, त्यावर पाला आहे माझ्याकडे. फोन करत नाही, कारण फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणतोस आणि ठेवल्या ठेवल्या विसरतोस. कागद तसा नसतो, खिशात टोचत राहतो. तुझी तब्येत कशी आहे? नातसूनबाईची कंबर? माझं म्हणशील तर गुडघे सोडून सगळं उत्तम, आणि गुडघेसुद्धा सेफेरिनाच्या गुडघ्यांपेक्षा बरे.

हे पत्र सेफेरिनाच लिहितेय. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे (एवढं तरी आठवत असेल), आणि या रस्त्यावर माझ्या वयाच्या बायकांत तिसरी शिकलेली ती एकटीच. पत्रात तिच्याविषयी बरंच आहे आणि त्यातलं चांगलं फार थोडं आहे. पण मी तिला शपथ घातलीय की सांगेन तस्सं लिहायचं. (लिहितेय. पण मध्ये बोलायचं असेल तेव्हा कंसात बोलेन आणि खाली 'से.' लिहीन. — से.) बघ, पहिल्याच पानावर हिनं आपलं नाव घुसवलं. ही खोड जुनी आहे, आणि सगळं रामायण त्याचंच आहे.

तर तुमच्या कचेरीनं पाठवलेल्या त्या बोगोताच्या बाई, दोक्तोरा हिमेना, गेल्या पंधरवड्यात इथं येऊन गेल्या. त्यांचं काम काय, हे मला नर्सबाईनं तीनदा सांगितलं तेव्हा कळलं. डॉक्टर माणसाचा आजार शोधतो. काही लोक दवाखान्याचाच आजार शोधतात: औषध का पोचत नाही, वर केलेला नियम गावात येईस्तोवर कुठं सांडतो, असलं. आणि या बाई असे शोधणारे शोधतात. देशात ते किती आहेत, शिकलेले किती, त्यांनी काही सांगितलं तर वरचे लोक ऐकतात का, हे सगळं मोजायचं आणि देशाला मार्क द्यायचे. म्हटलं, चांगलं आहे. मासे धरणारे वेगळे, कोळी मोजणारे वेगळे. त्यांच्या यादीत म्हणे एक प्रश्न होता की कुणी काही शोधून काढलं आणि त्यामुळे सरकारनं आपली पद्धत बदलली, असं एक तरी उदाहरण दाखवा. तिकडं राजधानीत सगळे डोकी खाजवत बसले, आणि कुणाला तरी आमच्या गावच्या औषधाच्या ट्रकची आठवण झाली.

ट्रकचं तुला सांगितलं होतं, म्हणजे तू विसरला असशील. सात-सात आठवडे केंद्रात तापाचं औषध नसायचं. जिल्ह्याचे लोक म्हणायचे, पाठवलंय. इथले म्हणायचे, मिळालं नाही. दोघेही खरं बोलत होते, हे फक्त मला माहीत होतं. का, तर केंद्रातून रिकाम्या हातानं बाहेर पडलेली प्रत्येक आई समोर माझ्याच बाकड्यावर येते. कोण कशाला आलं, आत काय मिळालं नाही, सगळं मला तोंडपाठ. आणि ट्रक मी डोळ्यांनी बघत होते. दर शुक्रवारी दुपारी यायचा. कोठारवाला एलिहिओ शुक्रवारी बाराला कुलूप लावून सासुरवाडीला जायचा. ट्रकवाला दोनदा भोंगा वाजवायचा, गार पाण्यात तेरेरे करून प्यायला माझ्याकडून पाला घ्यायचा आणि भरल्या खोक्यांसकट माघारी. अकरा महिने मी हे पाहिलं आणि रोज संध्याकाळी सेफेरिनाला सांगितलं. तिनं शाळेच्या वहीत उतरवलं. नर्सबाई ती वही जिल्ह्याला घेऊन गेली आणि ट्रकचा वार मंगळवार सकाळ झाला. तेव्हापासून आयांना औषध मिळतं आणि माझा निम्मा धंदा बसला. स्वतःच्या पोटावर पाय देऊन संशोधन करणारी दुसरी बाई या देशात असेल तर त्या बोगोताच्या बाईंनी मला दाखवावी.

पण वहीवर नाव कुणाचं? सेफेरिना ओर्तेयादो. वेलबुट्टीसकट. (वहीवर नाव घालायची रीतच असते. — से.) अकरा महिन्यांत तिला एकदाही वाटलं नाही की खाली थोडी जागा उरलीय. (तू म्हणाली नाहीस. — से.) मला काय ठाऊक वर काय लिहिलंय! मला वाटलं वेलच काढलीय नुसती.

बैठक ठरली शुक्रवारी दुपारी, केंद्राच्या अंगणात, आंब्याखाली. खुर्च्या सहा. एकीवर बाई, एकीवर नर्स, दोन जिल्ह्याचे साहेब, एक गावप्रमुख अल्काल्देंच्या बायकोला, कारण ती नसली की गावात काही घडलंच नाही असं धरतात. सहावी सेफेरिनाला. मी? मी माझं बाकडं फाटकातून आत ओढून घेतलं, ते कुणी 'या' म्हणालं म्हणून नाही. आणि सेफेरिनाचा थाट बघायला हवा होतास. निळा ब्लाउज, जो तिनं नवऱ्याच्या वर्षश्राद्धालासुद्धा पेटीतून काढला नव्हता. कानांत सोन्याची फुलं. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेली, जशी काही आत बाळ आहे. मी तिला साठ वर्षं ओळखते. माझ्या मुलीच्या, म्हणजे तुझ्या आईच्या बाप्तिस्म्याला धर्ममाय हीच होती. पण त्या दिवशी मला दिसलं की हिचे दात माझ्यापेक्षा जास्त आहेत, आणि ती ते सगळे दाखवतेय.

आता विल्फ्रिदो, पुढचं मी पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही. त्या सकाळी सेफेरिना नेहमीसारखी थर्मास घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "लिब्रादा, आज छातीत धडधड होतेय गं, तेरेरेच्या पाण्यात काहीतरी निवांत करणारं टाक." मी खलबत्ता घेतला. हात आपोआप चालला. आपण घोड्याचं शेपूट म्हणतो ती काडी, मक्याच्या कणसाचे केस, आणि वर आणखी एक मूळ ज्याचं नाव मी कुणाला सांगत नाही. हे तिन्ही एकत्र मी फक्त एकदाच दिलं होतं, वडील असताना, लघवी तुंबलेल्या आमच्या बैलाला. मला वाटलं, ही कोंबड्यांना दाणे टाकताना पहिला थर्मास घरीच एकटीनं संपवते, रोजची सवय आहे. बाई प्रश्न विचारायला लागतील, ही उठून पळेल, आणि खुर्ची

(म्हणजे ते तू केलंस? — से.)

काल इथपर्यंत झालं. सेफेरिना लेखणी ठेवून उठून गेली आणि जाताना माझ्या बाकड्याला लाथ मारली. (हळूच मारली. — से.) आज सकाळी परत आलीय. म्हणते, शपथ घेतलीय म्हणून लिहिते, मैत्री वेगळी. मी म्हटलं, लिही.

तर सेफेरिनानं तो थर्मास घरी उघडलाच नाही. अभिमानानं माणूस उदार होतो. तिनं तो बैठकीत आणला आणि म्हणाली, "सगळ्यांनी आज माझ्याच पाण्याचं तेरेरे घ्यायचं." एक शिंगाचा पेला, एक नळी, आणि फिरला की गोल. मी बघतेय. जिल्ह्याचे दोन्ही साहेब प्याले. अल्काल्देंची बायको प्याली, तिला शेजारच्या दोघींपेक्षा दोन जास्त लागतात. पेला माझ्यापाशी आला. आता मी नाही म्हटलं असतं तर नर्सबाईला लगेच कळलं असतं. ती मला ओळखते. प्याले. तीनदा प्याले, हसत हसत. त्या बोगोताच्या बाई तर फार सुसंस्कृत. आपल्यात एकदा 'आभार' म्हटलं की पेला तुम्हाला सोडून पुढं जातो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. परक्या गावात नको म्हणणं वाईट दिसेल म्हणून प्रत्येक वेळी त्या निमूट प्यायच्या. मी मोजले. नऊ पेले. बैलानंसुद्धा तेवढं घेतलं नव्हतं.

अर्ध्या तासात जिल्ह्याचे थोरले साहेब उठले. मग धाकटे. मग सेफेरिना वहीसकट. केंद्रात संडास दोन, पण दुसऱ्याला कुलूप, आणि किल्ली कोठारवाल्या एलिहिओच्या खिशात. त्याला ट्रकचा वार बदललेला कळलाय, सासुरवाडीचा वार बदललेला नाही. तर देशाची आरोग्याची मोजणी एका दारासमोर रांगेत उभी राहिली. पुढं बाई, त्यांच्या मागं मी, माझ्या मागं अल्काल्देंची बायको, जी सगळ्या संतांना नावानिशी हाका मारत होती.

दोक्तोरा हिमेना पाय आवळून विचारतात, "दुसऱ्याला कुलूप का आहे?" कुणाला माहीत नव्हतं. नर्सलाही धड नाही, ती नवी आहे. मी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी कोठाराचं छप्पर गळायला लागलं, दुरुस्तीचा कागद वर गेला तो खाली आलाच नाही, म्हणून खोकी या संडासात रचली, आणि औषधं आहेत म्हणून कुलूप. मुलांना पाजायचं औषध संडासात, आणि माणसं रांगेत. बाईंनी तिथंच पिशवीतून कागद काढला आणि भिंतीला टेकवून लिहायला लागल्या. कागद कधी गेला, कुणी नेला, पत्र्यांना आधी किती खिळे मारले होते, त्या महिन्यात किती आया माझ्याकडे आल्या. मी सांगत गेले. त्यांची पाळी आली तेव्हा मला म्हणाल्या, "तुम्ही आधी जा, पण बोलत राहा." दाराआडून बोलले मी, विल्फ्रिदो. माझ्या आयुष्यात कुणी माझं बोलणं असं उभ्या-उभ्या, घाम पुसत लिहून घेतलं नव्हतं.

बाहेर आले तेव्हा सेफेरिना स्वतःहून बाईंना म्हणाली, "वहीतलं सगळं हिनं पाहिलेलं आहे, मी नुसती लिहिणारी." हे तिनं आधी म्हणायला हवं होतं, खुर्चीवर बसून, जिल्ह्याच्या साहेबांसमोर. रांगेत उभं राहून काय कुणीही खरं बोलतं. (आभार मान तरी. — से.) मानले असते. पण पुढं ऐक. बाईंनी नवा कागद काढला. नाव, लिब्रादा मेरेलेस. वय, खरं सांगितलं. शिक्षण? त्या रकान्यात म्हणे पर्याय शाळेच्या दाखल्यापासून सुरू होतात. सेफेरिनाची तिसरी त्यांनी 'इतर'मध्ये कशीबशी कोंबली. माझं शून्य कशातच बसेना. आणि सहीच्या जागी अंगठा त्यांचं यंत्र घेत नाही. बाईंना मनापासून वाईट वाटलं, माझा हात धरून उभ्या राहिल्या (मग पुन्हा पळाल्या). शेवटी मला लिहिलं 'माहिती देणारी'. म्हणजे आमच्या गावात दवाखान्याचा आजार शोधणारी माणसं किती? एक. सेफेरिना ओर्तेयादो. मी माहिती. जशी भिंतीवरची पाल माहिती देते की पाहुणा येणार.

हे मला झोंबलं, खोटं कशाला बोलू. धंदा बसला ते झोंबलं नाही. हे झोंबलं.

बाकी सर्व क्षेम. अल्काल्देंच्या बायकोनं तो पाला कुठला म्हणून विचारलंय, तिला पायांची सूज उतरल्यासारखी वाटते. नातसूनबाईला माझा आशीर्वाद सांग. कंबर शेकायला मीठ भाजून फडक्यात बांध म्हणावं, गोळ्या नकोत.

तुझी आजी,
लिब्रादा (शेजारी निळा ठसा आहे तो माझा अंगठा. तुला तरी चालतो ना?)

ता. क. खरं काम इथं आहे. बाईंच्या अहवालातले तक्ते तुझ्याच टेबलावरून जातात, हे नर्सबाईनं सांगितलं. आमच्या गावापुढं एक आहे, तिथं दोन कर. बाईंना आधी विचार. त्या नको म्हणणार नाहीत, नऊ पेले पचवलेली बाई आहे. आणि शिक्षणाच्या रकान्यात माझ्यासारख्यांसाठी एक ओळ वाढवा म्हणावं. नुसतं 'शाळा नाही, पण बघितलंय' असं लिहिलं तरी पुरे.

ता. क. २. बसच्या ड्रायव्हरबरोबर पेरूच्या वडीचा एक डबा पाठव.

ता. क. ३. (हे माझं, सेफेरिनाचं. ती गिऱ्हाईक बघायला उठलीय. विल्फ्रिदो, बाळा, ही साठ वर्षांची मैत्रीण 'दोन कर' म्हणालीच नव्हती. ती म्हणाली, "सेफेरिनाचं खोड आणि माझं घाल." मी दोन लिहिलं. वहीत अकरा महिने तिचा एक शब्द मी इकडचा तिकडं केला नाही, देवाशपथ, हा पहिला. वहीवर नुसतं माझं नाव घातलं ते चुकलंच, पण मलाही एक सांगू दे. केंद्रातून बाहेर पडणारी प्रत्येक बाई "लिब्रादा कुठाय" विचारते, आणि त्या दोक्तोरासुद्धा जाताना गाडीत चढल्या त्या तिला मिठी मारून. माझ्याशी हात मिळवला. माझं नाव एका कागदावर आलं तर तिला बैलाचं औषध सुचलं, आणि मला सगळा जन्म काय काय सुचलं असेल ते मी कुठं लिहीत बसले? तेव्हा दोनच कर, दोन्ही नावं एकाच ओळीत, पुढंमागं नको. उत्तर जपून लिही, वाचून दाखवणारी मीच आहे. आणि डॉक्टरांनी तिला गोड बंद केलंय, ते ती तुला सांगणार नाही. वडीचा डबा माझ्या नावानं पाठव, तिला तुकडा मी माझ्या हातानं देईन. आणि तिच्यासाठी वेगळं म्हणून भाजलेले शेंगदाणे, बिनसाखरेचे. — से.)