कंदीलवाल्याचं नाव

७ फेब्रुवारी १९९९, रविवार
हेमंत सरांच्या घरी भुताचा जुना सिनेमा पाहिला. कृष्णधवल. सर आमच्या जव्हारच्या शाळेत चित्रकला शिकवतात, त्यांच्या मिसेस मंजुषा मॅडम मराठी. दोघं नाशिकचे. त्यांच्याकडे व्हीसीआर आणि अशा कॅसेटींचं एक खोकं आहे. दुपारी अडीचला खिडक्यांना चादरी लावून बसलो. मी अजिबात घाबरले नाही. तीनदा डोळे मिटले, पण ते पार्श्वसंगीत नीट ऐकू यावं म्हणून.
हवेलीतला म्हातारा नोकर कंदील घेऊन येतो. आधी नुसता उभा राहतो. मग अंग न हलवता फक्त मान वळवतो. एवढंच. मॅडमचा चहा सांडला. (माझा धक्का लागला. पण सांडला.)
कॅसेटची सुरुवात पुसली गेली आहे. सिनेमाचं नाव नाही, नटाचंही नाही. आम्ही त्याला कंदीलवाला म्हणतो.

८ फेब्रुवारी
संकल्प : कंदीलवाल्यावर लेख लिहायचा. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीला पाठवायचा. रोज दोन पानं.

९ फेब्रुवारी
लिहिलं नाही. वह्या तपासायच्या होत्या.

१४ फेब्रुवारी, रविवार
तोच सिनेमा पुन्हा. अभ्यासासाठी. सर म्हणाले, रंगीत सिनेमात रक्त लाल असतं म्हणून ते रंग वाटतो. इथे काळं असतं, मग उरलेलं आपण आपल्या मनातून घालतो. हे वाक्य लेखात घेणार. माझंच आहे, मला फक्त आधी सुचलं नव्हतं.
शिवाय हे जुने नट सुंदर दिसायचा प्रयत्न करत नाहीत. म्हणून त्यांच्यावरून नजर हटत नाही.
मॅडमनी विचारलं, गौरा, तुझे वडील काय करतात गं? म्हटलं, शेती. आणि वाचनाची फार आवड. हे अगदीच खोटं नाही. बाबा कॅलेंडरवरची चित्रं रोज बघतो.

२० फेब्रुवारी
कंदील हनुवटीखाली धरला की भुवयांची सावली कपाळावर चढते. आरशासमोर बॅटरी धरून प्रयोग केला. मान संथ वळवली. वर्षा (माझी रूम पार्टनर, नर्स आहे) म्हणाली, दाढ दुखतेय का? लवंग देऊ?
कलेची समज सगळ्यांना नसते.

९ मार्च
स्टाफरूममध्ये बोहाड्याचा विषय निघाला. हेमंत सरांना बघायचाय. मी उभी राहून बोलले. मुखवटे घालून देव-राक्षस नाचवायचे, ही एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर काय गोष्ट आहे? समाजाला प्रबोधन हवंय! शिपाई पुष्पलताबाई म्हणाल्या, मॅडम, तुमच्याच गावचा बोहाडा तर मोठा ना वो? मी तासाला निघून गेले. तास नव्हता.
गावच्या बोहाड्यात प्रत्येक सोंग एकेका घराचं असतं. त्राटिकेचं आमच्या घराचं. आजोबा नाचायचे, आता बाबा नाचतो. लुगडं नेसून. हे मी जव्हारमध्ये कोणाला सांगितलेलं नाही. कोणी विचारलेलंही नाही, त्यामुळे लपवलं असं म्हणता येणार नाही.

२८ मार्च, रविवार
लेख पूर्ण! शेवटचा परिच्छेद लिहिताना डोळ्यांत पाणी आलं : ‘ही मान वळवण्याची कला जगात दुसऱ्या कोणाजवळ नव्हती. एवढा मोठा कलावंत, आणि आज त्याचं नाव सांगणारं एकही माणूस नाही. ही कृतघ्नता कोणाची?’ मॅडमना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, शेवट फार मनापासून आलाय.
पोस्टात टाकला.

१२ एप्रिल
सर आणि मॅडम आमच्या गावचा बोहाडा बघायला येणार म्हणतात. मी म्हटलं, जीप मिळत नाही. सर म्हणाले, मोखाड्यापर्यंत एसटी, पुढे बघू. मी म्हटलं, ऊन फार असतं. सर म्हणाले, रात्रीचा असतो ना?
संकल्प : जायच्या आधी खरं सांगून टाकायचं. उद्याच.

१३ एप्रिल
उद्या.

१६ एप्रिल
एसटीत सांगायचं ठरवलं आहे. निवांत बोलता येतं.

१८ एप्रिल, रविवार, दुपार
काल एसटीत मॅडमना उलटी होत होती.
गावात दोघांना सरपंचांच्या ओट्यावर बसवलं. घरी नेलं नाही. घरी गर्दी होती. म्हणजे आई होती. रात्रभर एकेक सोंग येऊन गेलं. गणपती, सारजा म्हणजे सरस्वती, मग राक्षस. उजाडता उजाडता संबळाचा ठेका बदलला, पिपाणी चढली आणि त्राटिका आली.
आधी नुसती उभी राहिली. टेंभेवाल्याने टेंभा तिच्या हनुवटीखाली धरला. मुखवट्याच्या भुवया कपाळावर चढल्या. मग अंग न हलवता तिने फक्त मान वळवली.
पोरं किंचाळून पळाली. मी डोळे मिटले. संगीतासाठी.
सरांनी माझा दंडच धरला. म्हणाले, अहो, कंदीलवाला! तोच! कोण आहे हा माणूस? त्यांनी वही काढली. त्राटिका असं लिहिलं, पुढे रेघ मारली आणि म्हणाले, नाव सांगा.
त्राटिका आमच्यापासून चार हातांवर आली होती.
मी म्हटलं, नाव माहीत नाही, सर. असेल गावातलं कोणीतरी.
मॅडम म्हणाल्या, साडी किती छान आहे, गौरा. हिरवी, पिवळ्या काठाची. तुझ्याकडे अशीच आहे ना? पदवीदानाच्या फोटोत आहे बघ. मी म्हटलं, मोखाड्याच्या बाजारात अशा खूप मिळतात.
मॅडमनी एकदा साडीच्या काठाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

१८ एप्रिल, संध्याकाळ
त्यांना दुपारच्या जीपमध्ये बसवून घरी आले. माझी ट्रंक उघडी. साडी दोरीवर वाळत. आईवर ओरडले. आई म्हणाली, मी कुठं दिली? तोच बोलला, औंदा पोरीची पदवीची साडी नेसीन, त्राटिका पण शिकलेली दिसंल.
बाबा खळ्यात मुखवट्याला तेल लावत होता. मला वाटलं, रागावेल. त्याने हसून विचारलं, बाय, मला नाय वळखलास ना? ऐकला मी. सायबाला बोललीस, कोण हाय माहीत नाय.
मग आईला हाक मारून म्हणाला, सके, पोटच्या पोरीनं वळखला नाय! म्हंजे सोंग बेस झाला!
शेजारच्या काकालाही हेच सांगितलं. कोंडीआत्यालाही. सगळी हसली. बाबा सगळ्यांत मोठ्याने.
त्याला खरंच तसं वाटलं असेल. वाटलंच असेल.

२ मे, रविवार
लेख छापून आला! माझ्या नावासकट. पाच अंक घेऊन घरी आले. बाबाने अंक हातात घेतला, नाव कुठलं ते विचारलं आणि त्यावर बोट ठेवून बसला. म्हणाला, वाच.
मी सगळा वाचला. कंदील, सावली, मान वळवणं. इथे बाबा पुढे सरकला. म्हणाला, खरा हाय, घाई करायची नाय. आधी उभा राहायचा. माणसाला आपसूक भ्या वाटू द्यायचा.
शेवटचा परिच्छेद गाळणार होते. वाचत असताना कसा गाळणार? वाचला.
बाबाने नावावरचं बोट उचललं. मग म्हणाला, अरेरे. एवढा चांगला सोंग करायचा तो माणूस, आन् त्याचा नाव कुणीच नाय सांगला? त्याला पोरबाळ नव्हता का, बाय?
मी म्हटलं, माहीत नाही.

३ मे
संकल्प. शेवटचा. सकाळच्या जीपने जव्हार. सरांकडे जायचं, त्या रेघेवर नाव लिहायला लावायचं आणि मॅडमना साडीचं सांगायचं. वाक्य पाठ केलं आहे : सर, ते माझे वडील.

४ मे
जव्हारला पोचले. सरांच्या दाराला कुलूप. पुष्पलताबाई म्हणाल्या, सुट्टी लागली ना, नाशिकला गेले कालच.
बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण वाटलं.
पत्ता होता पुष्पलताबाईंकडे. पोस्टकार्ड घेतलं. ‘सर, सा. न. वि. वि.’ एवढं लिहून झालं आहे.
बाबाचं नाव इथे लिहून ठेवते. लाडक्या जिव्या वारघडे. त्राटिका.
ही वही कोणी वाचत नाही.