मी फुंकलेला श्वास

दि. १४ मार्च

चि. छकुली,

आता तू साहेब झालीस, तरी मला दुसरं नाव सुचत नाही. आम्ही ठीक आहोत. आईचा गुडघा तसाच. मला झोप नाही. तुझं विचारत नाही. लोकांच्या पोटावर पाय देणाऱ्यांना गाढ झोप लागते असं ऐकून आहे.

तुमच्या कार्यालयाने वीजकेंद्र बंद केलं, धुराडं गार पडलं. वाळत घातलेल्या चादरी आता पांढऱ्या राहतात, हे तुझ्या आईने मला तीनदा दाखवलं. मी म्हटलं, चादरी पांघरून पोट भरत नाही.

तुमच्या कार्यालयातली एक बाई तक्ते घेऊन आली होती. झाडाचं मोल, नदीचं मोल, हवेचं मोल, सगळं समजावलं. बदल होणार, पण कुणालाही मागे ठेवणार नाही म्हणाली. तेव्हा तुझा मामा मागच्या बाकावर खोकत होता. चार पावलं चालला की तो भिंत धरतो. कोळशाच्या धुळीने छाती गेलेल्यांना मिळते ती धुळीची पेन्शन त्याला तुम्ही नाकारली आणि कागदाखाली सही तुझी. मीच त्याला वाचून दाखवलं, दहा वर्षांच्या तपासणीत फुफ्फुसं उत्तम. तो हसला. म्हणाला, "दाजी, पोरीने बरोबरच लिहिलंय."

त्यावरून मी तुला फोनवर नाही नाही ते बोललो. खाल्ल्या घरचे वासे मोजतेस इथपर्यंत गेलो. तू एवढंच विचारलंस, "बाबा, मग नोंदी खोट्या आहेत का? तसं कुणी लिहून दिलं तर मी स्वतः फाईल उघडते." मी फोन ठेवला. रागाने ठेवला असं तुझ्या आईला सांगितलं.

तुला तक्ते कळतात, तपासणी कशी व्हायची ते कळत नाही. वर्षातून एकदा बाहेरचा डॉक्टर यायचा. पाळी सुटली की काळ्या तोंडांची रांग. तो छातीवरचा बिल्ला बघायचा, तोंड बघत नसे. नळी द्यायचा, फुंक म्हणायचा. ज्याचा दम कमी भरला त्याला कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावरून काढून फाटकावर बसवत, निम्म्या पगारावर. म्हणून आमच्यात रीतच होती, ज्याची छाती गेली त्याचा बिल्ला लावून दुसऱ्याने फुंकायचं. कुणाला त्यात काही वाटत नसे. वर चहा मिळायचा.

मी वरच्या खोलीत यंत्रांच्या काट्यांवर नजर ठेवून बसायचो. तिथे धूळ कमी. माझी छाती शाबूत होती. मामाच्या जागी दहाही वर्षं मी फुंकलं.

एवढंच लिहून थांबणार होतो. तिसऱ्या वर्षी मामा मला म्हणाला, "दाजी, यंदा माझं मीच फुंकतो. बसवू देत फाटकावर. एकट्या जिवाला किती लागतं?" त्याचा अर्धा पगार तुझ्या कॉलेजात जात होता. मी म्हटलं, पोरीचं शेवटचं वर्ष होऊ दे. मग तुझं पुढचं शिक्षण निघालं. मग त्याने विचारणं सोडलं. बिल्ला मात्र दरवर्षी न बोलता माझ्या हातात देत राहिला.

यात तुझा दोष नाही, असं लिहायला हवं. आज माझा हात तेवढा वळत नाही.

मंगळवारी येतो. तुमच्या डॉक्टरसमोर मला फुंकायला लाव आणि मामाच्या जुन्या कागदांशी ताडून बघ. खोटेपणाबद्दल माझी पेन्शन थांबेल, तर थांबव. आईला मी अजून सांगितलेलं नाही. बापाचा कागद म्हणून दाबू नकोस, आणि रडत बसू नकोस, कागद भिजेल.

हे पत्र फाईलला लागायचं आहे, म्हणून खाली आशीर्वाद लिहीत नाही.

अर्जदाराच्या बहिणीचा नवरा