साहेबाला हरवणारी रेघ

३ फेब्रुवारी १९८१

तीर्थरूप आजोबा,

तुम्ही गेल्यापासून पत्र लिहिलं नाही, क्षमा करा.

तुमच्या समग्र लेखनाची छपाई सुरू आहे, संपादन मीच करते आहे. ज्या शिलालेखाचं साल वाचून तुम्ही गोऱ्या साहेबाचं म्हणणं खोडून काढलंत, तो आज आत्याबरोबर पाहिला. दगडावर कागद दाबून घेतलेल्या तुमच्या ठशात जी आकड्याची रेघ वाटते, ती दगडातली भेग आहे. साहेबाचंच साल बरोबर होतं.

"बाबांच्या चुका काढायला तूच उरली होतीस?" आत्या कडाडली. मग स्वतःच दगडावर बोट फिरवून म्हणाली, "भेगच की गं! आणि आम्हाला सांगायचे, दगडाला हात लावल्याशिवाय तोंड उघडू नका."

तुमचा हात लावायचा राहिला, की लावूनही साहेबाला हरवायचा मोह आवरला नाही?

तुमची नात

उद्या: छापखान्यात जाऊन छपाई थांबवणे.