सोयऱ्यांनी दिलेलं कार्ड

रविवार, १ फेब्रुवारी २००४

काय झालं ते क्रमाने.
१. बद्रीनाथ आणि मी जुन्या जालन्यात लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग सेंटर काढणार आहोत. शूटिंग त्याचं, कॉम्प्युटरचं काम माझं. भागीदारी निम्मी-निम्मी.
२. त्यासाठी मी एमआयडीसीतल्या बियाणे कंपनीतली नोकरी डिसेंबरात सोडली.
३. मशीन मी जोडलं. त्यात स्क्रीनवर चित्र हलवणारं ग्राफिक्स कार्ड, ६४ एमबीचं, मी निवडलं. बद्रीनाथ म्हणाला, तू म्हणशील ते.
४. आज बद्रीनाथचा साखरपुडा झाला. मुलगी बेबीनंदा, अंतरवाली सराटीची. मला परवा कळलं.
५. टिळ्याच्या ताटात अंगठी आणि सफारीच्या कापडाशेजारी सासरे रामराव यांनी एक ग्राफिक्स कार्ड ठेवलं. १२८ एमबीचं.
६. बद्रीनाथने माझ्याकडे न बघता सांगितलं, की आता हेच लावायचं.

चौथ्या मुद्द्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आक्षेप फक्त पाच आणि सहावर.

सोमवार, २ फेब्रुवारी

रागावलेली नाही. रात्रभर शांतपणे विचार केला.

रामरावांची चूक समजण्यासारखी आहे. त्यांनी औरंगाबादला दुकानदाराला विचारलं, सगळ्यात मोठं कोणतं. काल पंगतीत सगळ्यांना सांगत होते, की जावायाच्या दुकानात चौसष्टचं हाये म्हणं, आपण बराबर डबल दिलं. लोक माना डोलावत होते.

एमबी म्हणजे मेमरी, आणि मेमरी म्हणजे नुसतं गोदाम. माल किती वेगाने बाहेर येणार, ते गोदामाच्या दारावर ठरतं. माझ्या कार्डाचं दार १२८ बिटचं, त्यांच्या कार्डाचं ६४ बिटचं. माझ्या कार्डातून सेकंदाला ६.४ जीबी जातात, त्यांच्यातून ३.२. म्हणजे डबल आहे, पण उलट्या बाजूला.

ठरवलं: दोन्ही कार्डं बद्रीनाथसमोर मोजायची. तो आकड्यांना मान देणारा माणूस आहे. तसं तो कधी म्हणालेला नाही, पण स्वभाव कळतो.

बुधवार, ४ फेब्रुवारी

चाचणीसाठी टायटल तयार केलं. सोनेरी, फिरणारी अक्षरं, मागे आकाश. मजकूर: सत्यशीला – बद्रीनाथ, म्हणजे दोन्ही भागीदारांची नावं. दोन्ही नावं चार अक्षरी, दोन्हींत एकेक जोडाक्षर. कार्डावर दोन्हीकडून समान भार पडतो. दुसरं कारण नाही.

टायटल एकदा नीट बघितलं. मग आणखी काही वेळा, खात्रीसाठी.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

बद्रीनाथ दुकानात येताना रामरावांना घेऊन आला. हे ठरलं नव्हतं. स्क्रीनवर टायटल फिरत होतं. रामरावांनी मोठ्याने वाचलं आणि विचारलं, हे कोणाचं लगीन हाये?

मी अक्षरांचं कारण समजावून सांगितलं. ते म्हणाले, मंग बाई, बेबीनंदा बी चार अक्षरीच हाये की.

मुद्दा बरोबर होता. मात्र त्या नावात जोडाक्षर नाही, हे मी निदर्शनास आणून दिलं.

त्यांचं कार्ड बसवलं. स्क्रीन काळी. एक लांब बीप, दोन आखूड, म्हणजे मशीनला कार्ड सापडत नाही. बद्रीनाथने हळूच विचारलं, काय केलंस? काय झालं, असं त्याने विचारलं नाही.

कार्ड बाहेर काढलं. स्लॉटमध्ये जाते त्या सोनेरी पट्टीवर हळद-कुंकू. रामराव म्हणाले, आमच्या मंडळीनं लावलं, सोन्यावानी दिसलं म्हणून तिथंच लावलं. नव्या वस्तूला लावायचं न्हाई का?

मी ते कार्ड तसंच बंद ठेवू शकले असते. ठेवलं नाही. चाचणी दोन्ही बाजूंना सारखीच हवी. खोडरबरने पट्टी घासून पुन्हा बसवलं. स्क्रीन लागली. रामराव म्हणाले, लागणारच, कुंकू लावलेलं हाये. बद्रीनाथ हसला. खोडरबर माझ्या हातातच होतं.

मोजणी राहिली.

शनिवार, ७ फेब्रुवारी

निकाल. तेच टायटल, तीच सेटिंग, प्रत्येकी तीनदा. माझं कार्ड: सेकंदाला ४३ फ्रेम. सोयऱ्यांचं: २६. वादाला जागाच नाही.

बद्रीनाथ म्हणाला, टीव्हीला पंचवीसच लागतात ना, मग सव्वीस भरपूर झाल्या. टीव्हीला पंचवीस लागतात हे त्याला मीच शिकवलं होतं.

मी म्हणाले, टायटलमध्ये नवरा-नवरीच्या आईवडिलांची नावं आणि गाव टाकलं की आकडा खाली येईल. तो म्हणाला, मग गाव नको टाकू. पुढे म्हणाला, सोयऱ्यांनी दिलेलं कार्ड काढून ठेवलं तर त्यांना तोंड कसं दाखवू? तुझं काय, तू समजून घेशील.

समजून घेण्याचं एकक कोणतं, ते मला माहीत नाही.

घरी आल्यावर आईला दोन्ही कार्डांमधला फरक सांगितला. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, पोरगी दिसायला कशी आहे? मी सांगितलं, विषय तो नाही. आई म्हणाली, मंग रडून कशाला राह्यलीस?

डोळ्यांत खोडरबराचा भुगा गेला होता. परवाचा.

निर्णय: त्या कार्डाला पुन्हा हात लावणार नाही. मशीनमध्ये एक तर माझं कार्ड राहील, नाही तर मी राहणार नाही. यात बदल होणार नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

दुकानात गेले नाही. त्याला जाणीव व्हायला वेळ द्यायला हवा. फोन आला नाही. रिसीव्हर उचलून पाहिला, डायल टोन आहे.

संध्याकाळी सहज त्या गल्लीतून गेले. वाट लांबची, पण ऊन कमी लागतं. बोर्ड लागलाय: बेबीनंदा व्हिडिओ मिक्सिंग. खाली, प्रो. बद्रीनाथ. त्याच्याही खाली साधारण अर्धा फूट जागा मोकळी आहे. दुसरं नाव तिथे घालायचं असणार. पेंटर एका दिवसात सगळं करत नाहीत.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

बद्रीनाथ घरी आला. माझा अंदाज बरोबर ठरला.

त्याने सांगितलं, की दुकानाचं भाडं आता रामराव भरणार, म्हणून भागीदारी जमायची नाही. पगारावर ये. मशीन तुझ्याशिवाय कोणाला चालवता येत नाही. मी विचारलं, पगाराची कल्पना कोणाची? तो बशीतला चहा फुंकत राहिला. चहा केव्हाच गार झाला होता.

मी स्पष्ट नाही म्हणाले. तो गेल्यावर आई म्हणाली, बराबर केलंस, बिलकुल जाऊ नकोस, त्याच्या सासऱ्याला म्हणावं आता तूच फिरव अक्षरं.

बियाणे कंपनीत फोन केला, केवळ माहितीसाठी. माझी जागा जानेवारीतच भरली.

निर्णय कायम.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

चिठ्ठीचा मसुदा:

श्री. बद्रीनाथ यांस,
१२८ एमबीच्या कार्डावर काम करायला माझी हरकत नाही. सोमवारपासून सकाळी दहाला यायचं की साडेदहाला, ते रविवार, १५ फेब्रुवारीपर्यंत कळवावं.
सत्यशीला