मंद आचेवरचा हिराकस

बाबा, आज कारखान्यातून आल्यापासून मला एका जागी बसवत नाहीये. चहा केला, तो तसाच निवला. आई हॉलमध्ये टीव्ही बघतेय आणि मी स्वयंपाकघरात तुम्हाला लिहीत बसलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला तुम्हीच सापडता.

कारेलीबागेतल्या या घरात प्रयोगशाळा नव्हती, गॅस होता. रविवारी पोह्यांची कढई घासून झाली की तुम्ही तीच परत शेगडीवर चढवायचात आणि मांडवीच्या बाजारातून आणलेला हिराकस तिच्यात ओतायचात. लोहाच्या क्षाराचे हिरवेगार खडे, भोवती ट्यूशनची मुलं. आई म्हणायची, "अहो, त्यात उद्या भाजी करायचीय मला!" "बरंच आहे, लोह मिळेल," तुम्ही म्हणायचात. गॅस अगदी बारीक. खड्यांतलं पाणी हळूहळू उडून जायचं, हिरवा रंग फिका पडत पांढुरका व्हायचा. एका रविवारी कुणाचे तरी वडील फी विचारायला आले आणि तुम्ही दारात गप्पा मारत राहिलात. आत कुणीतरी गॅस मोठा केला होता. खडे आपल्याच पाण्यात वितळले, लगदा झाला, तो सुकून वर पांढरा राहिला, तळ तांबडा पडला आणि असा उग्र धूर सुटला की सगळी मुलं खोकत गॅलरीत पळाली. शेजारच्या गुजराती काकी काय जळतंय म्हणून ओरडल्या, "अरे, शुं बळे छे?"

तुम्ही शांतपणे गॅस बंद केलात. वरच्या पांढऱ्यावर पाणी शिंपडलंत, तो हिरवट झाला. तळाच्या तांबड्यावर शिंपडलंत, काहीच झालं नाही. "याचं नुसतं पाणी गेलं नाही, हा स्वतःच मोडला." मी म्हटलं, थोडासाच तर आहे, चांगल्यात मिसळून टाकू. त्यावर तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की अजून अंगावर काटा येतो. "मिसळलंस की चांगलाही गेला," एवढंच म्हणालात. आईने कढई भंगारवाल्याला दिली आणि तुमच्याशी बोलणं सोडलं.

आता मी त्याच धंद्यात आहे. आमच्याकडे रक्तवाढीच्या गोळ्यांसाठी हिराकस सुकवतात. परदेशी ऑर्डर यायला लागल्यापासून सगळे घोड्यावर बसलेत. आज मॅनेजरने ड्रायर जास्तच तापवला आणि माल तांबूस निघाला. मला म्हणतो कसा, "बेन, सारा मालमां भेळवी दो. उपर तो लाल कोटिंग ज चढवानुं छे, कोण जोवानुं?" म्हणजे चांगल्या मालात मिसळून टाका, वरच्या लाल थराखाली कुणाला दिसणार! गरोदर बायका घेणार त्या गोळ्या. मालाच्या तपासणीच्या कागदावर मी सही केली नाही.

उद्या सकाळी शेठनी बोलावलंय. माझ्या खुर्चीसाठी एमेस्सी झालेल्या पोरी रांगेत उभ्या आहेत आणि घर माझ्याच पगारावर चालतंय. आईला अजून सांगितलेलं नाही. ती म्हणेल, "करून टाकायची सही. बापावर गेलीस अगदी."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये, तेव्हा खरं ते लिहिते. बरोबर वागले म्हणून माझी छाती वगैरे फुगलेली नाही. आणि तुमचा राग येतोय, बाबा. तुम्ही इतकं नीट शिकवलं नसतंत, तर तो तांबूसपणा मला दिसलाच नसता.