दारातलं गवत

हिंगोली, मंगळवार, एप्रिल संपत आला

आज सेनगावहून धाकटे दीर आले. मी आत चहा टाकेपर्यंत त्यांनी अंगणातलं खुरपं उचलून माझ्या शोभेच्या गवताचा एक ठोंब मुळासकट काढला! वर म्हणतात, "वहिनी, गवत काहून वाढू दिलं? दारात गवत म्हंजे घरात माणूस न्हाई."

माणूस न्हाई? हे वारल्यापासून या घरात मी राहते, ती कोण? नर्सरीतून आणून मीच लावलेलं. नळ आटला, गुलाब-मोगरा वाळले, पण गवताचे जांभळे तुरे डोलूनच राहिले. माझं चुकलं का? न्हाई, बिलकुल न्हाई.

भाऊजी चहा पीत होते, तेव्हाच त्यांच्यासमोर तो ठोंब परत लावला. त्याच खुरप्यानं. आधीपेक्षा उंबऱ्याच्या जवळ.